शिंगं काढलेला प्राणी

११ जानेवारी

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून वरची ओळ कोरी सोडली आहे. तुला जो योग्य वाटेल तो घालून घे.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि पोरगी दाराआड उभी राहून ऐकते. तेव्हा रविवारचा फोन तिचा, आणि माझं जे काही असेल ते कागदावर, असं मी ठरवलंय. मार्चमध्ये तिची परीक्षा संपली की तू तिला कायमची तुझ्या बहिणीच्या गावी नेणार, हे तुझ्या पत्रातून कळलं. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायला तोंड नाही, कारण संग्रहालयाच्या तळघरात दिवस काढणाऱ्या बापापेक्षा आई बरी, हे कुणीही सांगेल. तोवर ती इथे नीट जेवते, नखं कापलेली आहेत, आणि गणित सोडलं तर अभ्यास बरा आहे.

शाळेने एक काम दिलंय. जगात नसलेला प्राणी तयार करायचा. आधी चित्रं, मग त्याची गोष्ट, आणि जमलं तर पुतळा. वर्षअखेरीला प्रदर्शन आहे. बाईंनी चिठ्ठीत 'पालकांनी मदत करावी' असं लिहिलंय. लग्नाच्या आधीपासून मी संग्रहालयात मेलेल्या जनावरांत भुसा भरून त्यांना उभं करतोय, त्यामुळे बाईंनी कुणाच्या हाती हे काम दिलं याची त्यांना कल्पना नसावी.

पोरगीने खडूने पहिला प्राणी काढला तो जांभळा होता. अंगावर हिरवे ठिपके, सहा पाय, सात शेपट्या, आणि शिंगं एवढी की कागद पुरेना म्हणून वर दुसरा चिकटवला. मी म्हटलं, "हा उभा राहायचा नाही. शिंगांच्या वजनाने तोंडावर आपटेल."

"मग शेपट्या कशाला आहेत? त्या मागून ओढतात ना."

तर्क वाईट नव्हता. पण मी तिला आमची पद्धत समजावली. आधी पाय. जनावराचं वजन कुठल्या पायावर आहे ते ठरवायचं. पाय ठरला की कंबर ठरते, कंबर ठरली की खांदा, आणि खांद्यावरून मान. डोळे सगळ्यात शेवटी बसवायचे, आणि डोळे बसेपर्यंत जनावराला नाव द्यायचं नाही. मला मास्तरांनी असंच शिकवलं. ते म्हणायचे, आधी नाव दिलंस तर हात घाबरतो.

मग मी माझ्या पेन्सिलीने नव्या कागदावर पाय काढून दिले. दोनच.

"दोन पायांवर कोण उभं राहतं, बाबा?"

"अस्वल. कांगारू."

"आणि?"

मी तिला दूध संपवायला सांगितलं.

जाता जाता एक विचारतो. तू इथे होतीस तेव्हा पॅसेजच्या फरशीतून दुपारचा कसला आवाज यायचा का? परवा मी अर्धा दिवस रजा घेऊन घरी होतो, पोरगी शाळेत होती, तेव्हा आला. एक ठोका आणि मागून काहीतरी घासल्यासारखं. पाइप असेल. प्लंबरला बोलावतो.


२५ जानेवारी

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. पाइपचा आवाज तुझ्या वेळी येत नव्हता, हे वाचलं. प्लंबर येऊन गेला. त्याच्या मते आमच्या पाइपात पाणी सोडून काही नाही.

प्राणी पुढे सरकलाय. सहा पायांवरून आणि शिंगांवरून पोरगी दोन दिवस रुसून होती, मग तिने ऐकलं. शेपट्या एकावर आल्या, आणि एकीनेही तोल जातो म्हटल्यावर तीही गेली. रंगावरून मात्र आमची चांगलीच जुंपली. मी म्हटलं, जांभळ्या रंगाचं जनावर लपणार कसं? ती म्हणाली, "त्याला लपायचं नाहीये." मी म्हटलं, प्रत्येक जनावराला लपावंच लागतं. मग तिने खडू खाली ठेवला आणि प्रश्न विचारायला लागली. ती हल्ली काढते कमी आणि विचारते जास्त.

त्याला खायला काय आवडतं? पावाच्या कडा. मधला मऊ भाग तो खिशात लपवतो आणि विसरतो. तो कशाला घाबरतो? कात्रीला, म्हणून केस कपाळावर येतात. डाव्या हाताने खातो की उजव्या? डाव्या. अशा गोष्टी मला सुचतात हे मला स्वतःला नवीन आहे. तू नेहमी म्हणायचीस, तुला मोजमापाशिवाय काही येत नाही.

वजन डाव्या पायावर आलं. उजवा कागदावर जरा आखूड पडला, तेव्हा त्याच्या बुटाला जाड तळवा दिला आणि काम भागलं. पोरगीने विचारलं, मग तो चालतो कसा? शब्दांत सांगता येईना म्हणून मी उठून पॅसेजमध्ये चालून दाखवलं. ती खाली वाकून माझे पाय बघत राहिली. मग म्हणाली, "परत एकदा दाखव."

तिला आता लेबल हवंय. संग्रहालयात असतं तसं, म्हणजे नाव, कुठे सापडला, कुणी आणला. मी म्हटलं, डोळ्यांच्या आधी नाव नाही.

"मग तोवर त्याला काय म्हणायचं?"

"तो म्हण."

"तू 'तो' म्हणतोस तेव्हा दाराकडे का बघतोस?"

पोरगी तुझ्यावर गेलीय. एवढंच लिहायचं होतं.


९ फेब्रुवारी

हे पत्र रागात लिहितोय आणि राग उतरायच्या आत टाकणार आहे.

आपलं काय ठरलं होतं? आपला मुलगा गेला तेव्हा ही रांगत होती. तिला काही ठाऊक नाही, आणि तिच्या वाटणीचं बालपण तिला स्वच्छ मिळावं म्हणून त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही असं ठरलं. फोटो मी उतरवले, ते तू घेऊन गेलीस. बूट मी देऊन टाकले. तुला पटलं नव्हतं हे मला माहीत आहे. तरी तू शब्द दिला होतास.

मग हे काय आहे? मंगळवारी कामावरून आलो तर पॅसेजमध्ये तोच आवाज. ठक, आणि मागून घास. पुढे होऊन बघतो तर पोरगी. उजव्या पायात माझा मोठा बूट घालून, भिंतीला हात लावत, डोकं जरा खाली घालून चालत होती. जसा तो चालायचा. अगदी तसा. वळताना थांबायचा, तिथे थांबली. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? तर म्हणते, "प्राणी असाच चालतो."

त्यानंतर शेजारच्या काकूंबद्दल विचारायला लागली. काकू तिला 'धाकटी' म्हणतात, मग थोरलं कोण? तुला आठवत असेल, आपण 'धाकटी' हा शब्दसुद्धा सोडला होता.

आणि काल जे झालं त्याने माझी मती गुंग झालीय. पुतळ्याचा सांगाडा मी आठवडाभर करत होतो. जाड तार, त्यावर भुसा आणि दोऱ्याची गुंडाळी, नेहमीसारखंच. पोरगीच्या खांद्याच्या जरा वर येईल एवढा. माप कुठून घेतलं म्हणशील तर कुठूनच नाही, हाताला येत गेलं. ती म्हणाली, कातडी चढेपर्यंत त्याला थंडी वाजेल. अंगात घालायला काहीतरी दे. मी माळ्यावरच्या पिशवीत हात घातला आणि जे आलं ते खाली टाकलं. तो मोहरी रंगाचा स्वेटर होता. तू विणलेला.

मला वाटलं होतं की तोही मी देऊन टाकला. मी हिसकावून घेणार तेवढ्यात तिने तो सांगाड्याला चढवला. आणि तो बसला. बाह्या मनगटापर्यंत आल्या. तुझा तो स्वेटर हातात धरला की वाकडा दिसायचा, एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली, आणि मी तुला चिडवायचो की विणताना झोप लागली होती. सांगाड्यावर तो सरळ बसला. कुठे चुणी नाही.

पोरगी टाळ्या वाजवत होती. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

तिच्या डोक्यात हे कुणीतरी भरलंय. चाल, बूट, कपाळावरचे केस, पावाच्या कडा, हनुवटीवरची खूण, सगळं त्या चित्रांत आहे. रविवारच्या फोनवर तू तिला काय काय सांगतेस? तुला ती हवी आहे तर सरळ माग. मेलेल्या भावाला पुढे करून तिला ओढू नकोस.


१६ फेब्रुवारी

तुझं पत्र मी कामावर, लाँड्रीच्या काउंटरवर उघडलं, ही माझी चूक. समोर गिऱ्हाईक असताना रडले. त्या बाईने आपला रुमाल दिला, तोही आमच्याकडेच धुतलेला निघाला.

मी धाकटीला एक अक्षर सांगितलेलं नाही. शब्द दिला होता आणि पाळला, तो द्यायलाच नको होता. फोनवर ती मला फक्त प्राण्याबद्दल सांगते. बाबांनी आज हे सांगितलं, बाबांनी आज ते काढलं. मी ऐकून घेते आणि फोन ठेवल्यावर बहिणीच्या बाथरूममध्ये जाऊन बसते. ती बिचारी दार ठोठावत नाही.

मी काही लिहिण्याऐवजी तूच एक काम कर. आतापर्यंतची सगळी चित्रं बाहेर काढ आणि टेबलावर मांड. धाकटी खडूने काढते, तू पेन्सिलीने. कुठली रेघ कुणाची, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

आणि त्या खांद्याबद्दल. मला झोप लागली नव्हती. त्याचा उजवा खांदा उतरता होता, साध्या स्वेटरची बाही त्याच्या बोटांवर यायची, म्हणून मी तिकडचा खांदा दोन बोटं खाली विणला. त्याला कळू नये म्हणून कुणालाच बोलले नाही. तुलासुद्धा नाही. तू थट्टा केलीस तेव्हाही गप्प बसले. तरी तुझ्या तारेला तो खांदा बरोबर आला.

मी घर का सोडलं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आता सांगते. तू दुसऱ्याच आठवड्यात कामावर गेलास, भिंती रिकाम्या केल्यास, आणि संध्याकाळी आमटीत मीठ कमी आहे म्हणालास. मला वाटलं, हा माणूस विसरला. माझा सगळा राग त्याचाच होता. तू विसरला नव्हतास, हे मला एका भुशाच्या सांगाड्यावरून कळावं ना. अजूनही रागच येतोय, पण तो दुसरा आहे.


२१ फेब्रुवारी

मांडली.

कामावरच्या मोठ्या टेबलावर मांडली, जिथे कातडी ताणतो. रविवार होता, संग्रहालय बंद होतं, पोरगीही बरोबर होती. ती माझ्या स्टुलावर बसून डोळ्यांचा खण बघत होती. आमच्याकडे काचेचे डोळे मापाप्रमाणे खणात लावलेले असतात, घुबडापासून सांबरापर्यंत. एकीकडे एक तपकिरी जोडी मी महिन्यापूर्वीच कागदात गुंडाळून ठेवली होती. या प्राण्यासाठी. ते डोळे तुझ्या डोळ्यांच्या रंगाचे आहेत, म्हणजे त्याच्याही. हे मी तुला आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं.

चित्रं क्रमाने लावली. पहिल्या कागदावर सगळी खडूची रेघ आहे. दुसऱ्यावर खडू वर आणि पेन्सिल खाली. मग पेन्सिल वर चढत जाते. आखूड पाय माझा, बूट माझा. कंबर, उतरता खांदा, कपाळावरचे केस, हनुवटीवर कपाटाचं दार लागलं होतं ती खूण, सगळी माझी. शेवटच्या चित्रात तिच्या हाताचं काही म्हणजे काही उरलेलं नाही. शिंगं मी खोडली, शेपट्या मी खोडल्या, रंग मी पुसायला लावला. शास्त्र सांगत सांगत मी माझ्या पोरीचा प्राणी खाऊन टाकला आणि त्याच्या जागी आपला मुलगा उभा केला. आणि वर तुला ते पत्र लिहिलं. त्याबद्दल मला माफ कर.

मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, तुला हे कधी कळलं?

ती खण बंद करून आली. म्हणाली, "मी काकूंना विचारलं, थोरलं कोण? तर त्या गप्प झाल्या आणि मला बिस्कीट दिलं. मोठी माणसं गप्प बसून बिस्कीट देतात तेव्हा काहीतरी असतं."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुला विचारलं की तू दूध पी म्हणतोस. प्राण्याचं विचारलं की सांगतोस."

मी तिला सांगितलं. तुला एक दादा होता. असा चालायचा. ताप आला आणि त्यातच तो गेला. एवढंच सांगितलं, त्याला फार वेळ लागला नाही. जे इतकी वर्षं टाळलं होतं ते बोलायला तीन वाक्यं पुरली, याचीच मला लाज वाटली. ती रडली नाही. मी रडलो. तिने इकडेतिकडे बघितलं आणि चिमूटभर भुसा माझ्या हातात दिला. मला वाटतं तिला बिस्कीट द्यायचं होतं.

मग मी विचारलं, "तुझी शिंगं मी खोडली तेव्हा तू भांडली का नाहीस?"

तिने दप्तरातून घडी घातलेले कागद काढले. जांभळे, सगळे जांभळे. माझ्याकडून खोडलं गेलेलं प्रत्येक चित्र तिने शाळेत बसून परत काढलं होतं. गणित का मागे पडलं ते आता कळलं.

"मी ठेवून दिला होता," ती म्हणाली. "तुझा झाला ना करून? आता माझा करू या."


२ मार्च

सांगाडा आम्ही दोघांनी मिळून सोडवला. मी कधी कुठलं जनावर असं मागे नेलं नव्हतं. आधी मान सोडवली, मग खांदा, मग कंबर, आणि पाय शेवटी. उजव्या खांद्याची तार सरळ करताना मला ती जरा वेळ हातात धरून ठेवावीशी वाटली. धाकटी थांबली, घाई केली नाही. तपकिरी डोळे मी खणात परत ठेवले. माझा धंदाच मेलेल्यांना उभं करायचा आहे, पण याला उभं करायचं नाही, हे आता मला कळतं.

त्या तारेच्या सात शेपट्या झाल्या. शिंगं कागदाच्या लगद्याची केली. सहा पाय, जांभळा रंग, हिरवे ठिपके. आणि मी म्हणालो होतो तसा तो तोंडावर आपटतोच. धाकटी म्हणते, तो पडत नाहीये, जमिनीचा वास घेतोय. मी वाद घातला नाही. त्याचं नाव ठरलंय, पण प्रदर्शनाआधी ते मलाही सांगणार नाही म्हणते.

लेबलं मात्र तिने माझ्याकडून दोन आणवली. एक तिच्या प्राण्याचं. दुसरं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आता लिही. डोळ्यांची वाट बघू नकोस."

मी लिहिलं. हात घाबरला, मास्तर म्हणायचे तसा, आणि अक्षर वाईट आलंय. कुठे सापडला, या ओळीवर घराचा पत्ता घातला. कुणी आणला, तिथे आपली दोघांची नावं. धाकटीने वरचं नाव अक्षर लावत मोठ्याने वाचलं. पहिल्यांदा चुकीचं वाचलं, मी सुधारलं, तिने परत वाचलं. म्हणजे घरात ते नाव तीनदा उच्चारलं गेलं. मग आम्ही ते लेबल स्वेटरच्या गळ्याला बांधलं आणि स्वेटर पॅसेजच्या खुंटीला अडकवला. खुंटीवर तो पुन्हा वाकडा दिसतो. तू फोटो आणलेस तर त्याच्याच शेजारी लावू.

आता पुढचं वाचताना मला वेडा म्हणू नकोस.

कालची दुपार होती. धाकटी माझ्या मांडीवर बसून शेपट्यांना कागद चिकटवत होती. तिचे दोन्ही पाय माझ्या समोर, अनवाणी. माझे बूट दाराबाहेर. आणि पॅसेजमध्ये आवाज आला. ठक, मागून घास. ठक, मागून घास. तेव्हा मला आठवलं, की जानेवारीत मी पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा धाकटी शाळेत होती, आणि चाल मी तिला नंतर दाखवली. मी तिच्याकडे बघितलं. तिने गोंदाचं बोट तोंडावर ठेवलं. आवाज वळणापाशी थांबला, तो थांबायचा तिथे, आणि मग खुंटीपर्यंत आला.

मी उठून बघायला गेलो नाही. मला भीती वाटत नव्हती. तो आवाज कायमचा थांबेल याचीच धास्ती होती. जरा वेळाने धाकटी कानात म्हणाली, "आईला सांग."

म्हणून सांगतोय. धाकटीला कुठे ठेवायचं ते तू आल्यावर तिघांनी बसून ठरवू, तू म्हणशील ते मी ऐकेन. पण परीक्षा संपायची वाट बघू नकोस. तो दुपारचाच येतो. सकाळच्या पहिल्या गाडीने निघालीस तर वेळेत पोचशील.